सात दिवसांची हजेरी

बायकोला माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, आणि आता ती नाही. ज्याला माहीत असायलाच हवं तो अनंता मला आठवड्यातून दोनदा भेटतो, चहा पाजतो — त्याला तर नाहीच नाही. सहा वर्षं झाली. तुम्हालाच का सांगतोय ते विचारू नका. तुम्ही अनंताला ओळखत नाही, माझ्यासारख्या माणसाला एवढं कारण पुरतं.

आधीच सांगतो, मी खून-बिन केलेला नाही. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर आमची खोली आहे, तिथे कोणालाही विचारा. विजय म्हणजे सरळ माणूस, असंच सांगतील. लोकांचे फॉर्म भरून देतो, इंग्रजी पत्रं वाचून दाखवतो. आमच्या गावच्या मंडळाचा सेक्रेटरी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी गाववाले जमतात, त्या मीटिंगची वही मी लिहितो. माझ्या हातच्या नोंदीवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. हे वाक्य लिहिलं आणि उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो. बसवत नाही एका जागी.

कुठून सुरू करू? अनंतापासून करतो.

अनंता माझ्याच गावचा, कुडाळकडचा. आमचे दोघांचे बाप एकाच गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर दोघेही असल्फ्याला आले. आम्ही एकाच नळावर पाण्याला उभे राहून वाढलो. मी बी.कॉम. अर्धवट सोडलं, तो दहावीनंतर परांच्या बांधायला लागला — बिल्डिंगला बाहेरून पाइपांचा सांगाडा बांधतात ना, त्या. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मी आधी आखातात गेलो, एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर म्हणून. दोन वर्षांनी तिथे परांचीवाले हवे होते, तेव्हा मीच त्याला बोलावून घेतलं. त्याची बायको सुजाता पाठवायला तयार नव्हती. मी फोनवर म्हटलं, "वहिनी, मी आहे ना तिकडे." माझ्या शब्दावर तिने हो म्हटलं.

टाइमकीपर म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. साइटवर पत्र्याची केबिन, तिला एक खिडकी. सकाळी साडेसहाला माणसं रांगेने येतात, आपला नंबर सांगतात. मी चेहरा बघतो आणि कच्च्या वहीत त्या नंबरापुढे पी लिहितो. पी म्हणजे हजर, ए म्हणजे गैरहजर. दुपारी कच्च्या वहीवरून कॉम्प्युटरवर पक्का तक्ता करायचा, छापायचा, खाली माझी सही, त्याखाली फोरमनची. ऑफिसला जातो तो पक्का तक्ता. कच्ची वही भरली की कचऱ्यात. बोटं लावायचं मशीन होतं, पण ते बंद पडलेलं, आणि ते दुरुस्त व्हावं अशी कोणाची फारशी इच्छाही नव्हती.

एक दिवस परांचीवरून एक नेपाळी माणूस पडला. सेफ्टी बेल्टचा हुक उघडला. वाचला तो, पण पाठ गेली. दुसऱ्या दिवशी अनंताने आपला बेल्ट फोरमनसमोर धरला आणि हुक हाताने दाबून उघडून दाखवला. नवीन द्या, मग चढतो, म्हणाला. फोरमन म्हणाला, मागवलेत, येतील, तू चढ. अनंता नाही म्हणाला. खालचं कुठलंही काम द्या, पाइप मोजतो, नटबोल्ट घासतो. फोरमनने ते दिलं नाही. मग अनंता पाइपांच्या ढिगाजवळ बसला. हेल्मेट घालून, बूट घालून, संध्याकाळी सुटी होईपर्यंत. कॅम्पवर झोपून राहिला नाही, कुठे भटकला नाही, समजलं ना? साइटवर होता. मला केबिनमधून दिसायचा.

पहिल्या दिवशी दुपारी फोरमन माझ्या केबिनमध्ये आला. काम नाही तर हजेरी कसली, म्हणाला. ए टाक.

आणि मी टाकला. पक्क्या तक्त्यात. कच्च्या वहीत सकाळीच पी लिहिला होता, तो तसाच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, बिचारा, नोकरीची भीती. नाही हो. तीच तर गोची आहे. फोरमनने मला धमकी दिली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर तो फार तर दोन शिव्या घालून गेला असता. त्या आठवड्यात हेड ऑफिसात एक जागा भरायची होती — एसीची खोली, खुर्ची, उन्हात केबिनमध्ये भाजणं नाही — आणि फोरमनची शिफारस लागणार होती. ती मला हवी होती. दुसरं एक कारण आहे, ते जास्त घाणेरडं आहे. त्या दिवसांत कॅम्पवर जो तो अनंताचं नाव घेत होता. काय डेरिंग आहे माणसाची. मी त्याला आणलं, मी त्याला पत्र लिहायला शिकवलं, आणि कौतुक त्याचं? जळलो मी. स्वतःच्या मित्रावर जळलो, त्याची पाठ मोडू नये म्हणून तो बसला होता आणि मी जळत होतो.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीवर आला. नंबर सांगितला. मी पी लिहिला. त्याने वाकून वहीत बघितलं आणि विचारलं, "लागली मां रे?"

मी म्हटलं, "लागली."

असं सात दिवस. रोज सकाळी तो विचारायचा, रोज मी लागली म्हणायचो, आणि रोज दुपारी ए. सलग सात दिवस न सांगता गैरहजर राहिला तर नोटीस न देता काढता येतं, असं त्या देशाच्या कायद्यात होतं. फोरमनला ते माहीत होतं. मला माहीत नव्हतं का? चौथ्या दिवशी मोजायला लागलो होतो मी. मला माहीत होतं.

आठव्या दिवशी त्याला ऑफिसात बोलावलं, हातात पासपोर्ट, तिकीट आणि एक पत्र दिलं. पत्रात लिहिलं होतं, कामावरून पळून गेलेला कामगार. हा शिक्का तिथल्या सरकारी कॉम्प्युटरमध्ये चढला की पुन्हा व्हिसा मिळत नाही. दोन तासांत गाडीत बसवला. जाताना माझ्या केबिनसमोर गाडी थांबवायला लावली त्याने. काचेतून म्हणाला, "विजय, तुका म्हायत आसा. तू सांग तेंका."

मी बघतो, म्हटलं. तू आत्ता जा. हेड ऑफिसची जागा मला पुढच्या महिन्यात मिळाली.

हे अर्धंच आहे. एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी मंडळात उभा राहून बोललोही असतो. पुढचं जास्त वाईट आहे आणि ते इथे मुंबईत झालं, भर दुपारी, माणसांनी भरलेल्या रस्त्यावर.

अनंता परत आला आणि टेकडीवर कुजबुज सुरू झाली. कोणाची नोकरी गेली तर लोक हळहळतात. पण पळून आला म्हटलं की मग काय बोलायलाच नको. कोणी म्हणे दारू लागली, कोणी म्हणे तिकडे एक बाई होती. अनंता प्रत्येकाला सांगायचा, मी रोज कामावर होतो, विजय आला की विचारा त्याला. सुजाताने हे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी स्वतः उठली. मरोळच्या एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला जाते ती. तिथल्या एका बाईकडून तिला मरोळ नाक्याजवळच्या वकीलबाईंचा पत्ता मिळाला. बाहेरून काढून टाकलेल्या लोकांच्या केसेस त्या बाई बघतात.

मी दोन महिन्यांच्या सुटीवर आलो आणि सुजाताने दुसऱ्याच दिवशी मला गाठलं. भावोजी, तुम्ही चला, तुमच्याशिवाय होणार नाही. मी गेलो. कसा नाही म्हणणार होतो?

वकीलबाई फटकळ, पण समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, इथे बसूनही तीन रस्ते आहेत. एक, सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाकायची, ती तिथल्या आपल्या वकिलातीकडे जाते, ते कंपनीला विचारतात. दोन, तिथे ओळखीचा भरवशाचा माणूस असेल तर त्याच्या नावाने मुखत्यारपत्र करायचं, तो तिथल्या कामगार कोर्टात दावा लावू शकतो — मात्र त्याला मुदत असते आणि तुमची अर्धी उलटली आहे. तीन, ज्या एजंटने पाठवलं त्याला सरकारचं लायसन्स असतं, जबाबदारी त्याचीही आहे, त्याच्याविरुद्ध लायसन्स देणाऱ्या कार्यालयात तक्रार. अनंता मान हलवत होता, सुजाता एका वहीत लिहून घेत होती. मग बाई म्हणाल्या, तिन्ही रस्त्यांना पुरावा एकच लागणार. त्या सात दिवसांत हे साइटवर होते, याचा.

अनंता हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसला असेल. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हो काय, पुरावो बाजूक बसलो आसा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. टाइमकीपर तुम्हीच का? मग गैरहजेरीचा तक्ता कोणी केला? मी म्हटलं, मी बरोबर पाठवला होता, वर ऑफिसात बदलला असेल. किती सहज आलं ते तोंडातून. टाइमकीपर एखादी कच्ची नोंद ठेवतात का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असते, पण ती फेकून देतात.

ती वही माझ्या घरी होती. माळ्यावर, बॅगेत, स्वेटरखाली. मी ती मुद्दाम आणली होती — आणि अनंतासाठी नाही. उद्या कोणी माझ्यावर उलटलं तर दाखवायला की बघा, मी तर पीच लिहिला होता. त्याच्या नंबरापुढे सात पी, माझ्या अक्षरात. बाईंना हवं होतं ते नेमकं तेच. पण वही दाखवली की पुढचा प्रश्न येणार, मग पक्क्या तक्त्यावर खालची सही कोणाची?

बरं, निदान प्रतिज्ञापत्र द्या, बाई म्हणाल्या. हे सातही दिवस हजर होते एवढंच. मी खुर्चीत सरसावून बसलो, घसा साफ केला. म्हटलं, मॅडम, रोज चारशे माणसं खिडकीवर यायची, अमुक दिवशी कोण होतं हे नक्की कसं आठवणार? शपथेवर खोटं नको ना व्हायला.

शपथेवर खोटं नको व्हायला. हे मी म्हणालो.

आणि अनंता माझी बाजू घ्यायला लागला. खरा आसा मॅडम, चारशे माणसं, तो तरी कसा लक्षात ठेवतलो? त्याला वाटत होतं मी अडचणीत सापडलोय. सुजाताने वही मिटली आणि माझ्याकडे बघत राहिली. बाईंनी पासपोर्टची आणि त्या पत्राची झेरॉक्स मागितली, ती काढायला अनंता खाली गेला. आम्ही दोघं त्याच्या मागून उतरलो आणि बस स्टॉपच्या शेजारी उभे राहिलो. समोर रिक्षांची रांग, मेट्रोच्या पुलाखाली सावली. ती सावलीत सरकली. मी उन्हातच राहिलो, का कोण जाणे.

इथे मी अडतो. दरवेळी मनात हे बोलायला घेतो आणि इथे अडतो. दोन वेळा उठलो आता. चहा ठेवला, प्यायलो नाही.

सुजाता म्हणाली, "भावोजी, एक विचारू? तुम्ही त्यांना सांभाळून घेताय का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने माझी चुळबुळ बघितली होती, मला आठवत नाही हे ऐकलं होतं, आणि तिने हिशोब लावला होता. सरळ माणूस विजय, आपल्या मित्राने तिकडे जे काही केलं ते त्याच्या बायकोसमोर उघडं पडू नये म्हणून आठवत नाही म्हणतोय. मी खोटं बोलतोय हे तिने ओळखलं. फक्त कोणासाठी, ते उलटं ओळखलं. ती पुढे म्हणाली, कोर्टासाठी नाही विचारत मी. मला एकटीला कळू दे. ते कामावर जात होते ना?

तिला कागद नको होता. सही नको, शपथ नको. एक हो. हो वहिनी, रोज जात होता. एवढं म्हणून मी माझं सगळं लपवून ठेवू शकलो असतो हो. त्या एका शब्दाने माझं काही जाणार नव्हतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण तिच्या नजरेत मी मोठा माणूस झालो होतो — मित्राची लाज झाकणारा — आणि ती केसच सोडून देईल, वहीचा विषयच संपेल, हेही मला त्याच क्षणी दिसलं.

मी मान खाली घातली. म्हटलं, "जाऊ दे ना वहिनी."

तिने दोनदा मान हलवली. रडली नाही. मग म्हणाली, बरं झालं विचारलं. अनंता झेरॉक्स घेऊन रस्ता ओलांडून येत होता, लांबूनच आम्हाला कागद हलवून दाखवत होता.

त्यानंतर ती वकीलबाईंकडे गेली नाही. बाईंचे फोन आले, अनंता म्हणाला चल, ती म्हणाली कंटाळा आला मला. मुखत्यारपत्र झालं नाही. मुदत गेली. पोर्टलवरची तक्रार त्याने एकट्याने, सायबर कॅफेत बसून केली, त्यात कंपनीने माझ्या सहीचा तक्ता जोडून पाठवला आणि ती बंद झाली. एजंटचंही तसंच झालं. तक्ता दाखवला तेव्हाही अनंता मला म्हणाला, साल्यांनी तुझी खोटी सही मारली रे. माझी सही, माझ्याच हातची, आणि तो माझ्या वतीने चिडला होता. मी सुटी संपवून एसीच्या खोलीत परत गेलो आणि अजून चार वर्षं तिथे बसलो.

सुजाता त्याच्याशी भांडली असती तर त्याला कळलं तरी असतं. ती भांडली नाही. घर सांभाळते, डबा देते, सणाला त्याच्या आईच्या पाया पडायला गावी जाते. फक्त त्याच्या कुठल्याही सांगण्यावर तिचा विश्वास उरला नाही. उशीर झाला, मीटिंग होती, पगार पुढे गेला — ती ऐकते आणि गप्प राहते. त्याला वाटतं, बाहेरची नोकरी गेली त्याचं तिला दुःख आहे. तीन वेळा त्याने पुन्हा बाहेर जायचा प्रयत्न केला, तीनही वेळा तो शिक्का आडवा आला. तो शिक्का काढून घ्यायचा अर्ज मुदतीनंतरही करून बघता येतो, टाइमकीपरने लिहून दिलं तर. बाईंनी त्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांची पाटी अजून तिथेच आहे. मी मरोळ नाक्याला उतरलो की पलीकडच्या जिन्याने उतरतो.

मी भित्रा आहे, एवढं म्हणून भागत नाही. भित्रा माणूस पळतो. मी तिथे उभा राहून एका बाईच्या मनात तिच्या नवऱ्याबद्दल विष घातलं, आणि वर तिचा आदर घेतला. आजही ती मला बघून पदर सावरते, बसा भावोजी म्हणते. मी बसतो.

अनंता आता मरोळलाच एका मोठ्या ऑफिस बिल्डिंगच्या पार्किंगला आहे. परवा सकाळी माझं तिकडे काम होतं, तर गेटवर भेटला. युनिफॉर्म घालून, मोबाइल लांब धरून स्वतःचा फोटो काढायच्या खटपटीत होता. मला बघून खूश झाला. म्हणाला, सुजाताक रोज पाठवचो लागता, कामार पोचलंय म्हणान. ती काळजी करता रे. मग मोबाइल माझ्या हातात दिला. "काढ मरे एक. मागचा घड्याळ येवंदे हां, तां दिसला नाय तर परत मागता."

मी घड्याळ येईल असा फोटो काढला. त्याने तो तिला पाठवला, दोन खुणा निळ्या होईपर्यंत गेटबाहेरच थांबला, आणि मग आत गेला.